नावासकट

आधी बाटल्या आल्या माझ्या काट्यावर.
खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी,
लेबल नखानं खरडलेल्या.
ऐन मे महिन्यात.
मी म्हणलं, जालन्याला या उन्हात
एवढा खोकला कुठून आला?

गोणी आणलेली पोरगी हसली.
कुंडलिकेच्या पुलाखाली, मामा,
रोज सकाळी पडलेल्या असतेत
निंबोळ्यावाणी.

छापील किंमत दीडशे.
मेडिकलच्या मागच्या बोळीत, दिवे लागले की, चारशे.
छापा पडला की सहाशे.
पेपरात छाप्याचा फोटो येतो त्या आठवड्यात
बोळीतल्या लखनच्या पायात नवे बूट असतेत.
भाव चढवायला छाप्यासारखा दलाल नाही.
आणि रिकामी झाली की तीच बाटली
माझ्याकडं, किलोला बारा.

मग दुसरा माल येऊ लागला.
नळाच्या तोट्या, अजून ओल्या.
बोअरच्या मोटारीची तार, जाळून काळी केलेली.
एकदा देवळाची घंटा आली, गप्प.
उलटी करून बघितली
तर लोलकाला मोजा घातलेला,
शाळेच्या गणवेशातला,
निळ्या पट्टीचा.

मी मोजा काढून ठेवला. घंटा घेतली.

बाकीचं गिऱ्हाईक काट्याकडं बघतं,
ही पोरं गल्ल्याकडं बघतेत.
माल अर्धा किलो असो का पाच,
मागणं एकच: चारशे, मामा, चारशेच द्या.
काटा लावायची गरजच राहिली नाही.
ज्या दिवशी सहाशे मागायची
त्या दिवशी मला पेपराच्या आधी कळायचं
छापा पडला म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर कैलास आला.
चादरीत गुंडाळलेली पितळी घागर.
बारावीला होता, इतकंच माहीत होतं मला त्याचं.
नाक गळत होतं, हात मांडीवर थरथरत होता,
जांभयांवर जांभया.
घागरीच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. कौसल्या हिस
मामाकडून, सेलू, १९९८.
मी बोट फिरवलं त्याच्यावरून.
नावाला वजन नसतं.
चार किलो सहाशे ग्रॅम भरली.
चारशे दिले.

तिसऱ्या दिवशी कौसाबाई.
पोलिसात गेली नव्हती,
सकाळपासून भंगाराची दुकानं फिरत होती.
म्हणजे तिला माहीत होतं.
कोपऱ्यात उलटी ठेवलेली घागर
लांबूनच ओळखली तिनं.
हा पोचा कैलासच्या बारशाचा, म्हणाली,
आत्याच्या हातून निसटली होती.

किती?

काळा बाजार म्हणजे बोळीतला अंधार
असं मी समजत होतो.
दुपारचे बारा, डोक्यावर ट्यूबलाइट,
भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर,
आणि माझ्या तोंडातून निघालं:
दोन हजार.

घासाघीस तिनंपण केली नाही.
मेडिकलच्या कागदी पाकिटातून नोटा काढल्या,
थुंकी लावून दोनदा मोजल्या.
घागर कडेवर घेतली, लेकरू घ्यावं तशी,
आणि दारात थांबली.

पुन्हा घेऊन आला तर, म्हणाली,
परत पाठवू नका.
चारशे देऊन टाका. मी येते मागून.
तिकडं बोळीत उधारी चालत नाही,
मारतेत.

तेव्हापासून घागर तीनदा येऊन गेली.
त्याला चारशे, तिच्याकडून दोन हजार.
तिसऱ्यांदा मी अठराशे घेतले.
सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री
मला बरी झोप लागली.

काल सकाळी शटर अर्धंच वर केलं होतं.
खालून पाय दिसले, चपला बाईच्या.
घागर खाली ठेवली तिनं, नावाची बाजू भिंतीकडं करून.
रात्रभर ओकतोय, म्हणाली,
खाटेला बांधून आलेय.
मी गल्ला उघडला, चारशे मोजू लागलो.

सहाशे, म्हणाली.

पेपर यायचा होता अजून.