सुतळी

नाव ठेवलं सुतळी,
कारण घरी आली तेव्हा तेवढीच जाड होती.
बॉम्बचं नंतर कळलं.

सकाळी साडेपाच.
मनीषनगरच्या फाटकाकडे तिची ओढ,
मागे माझी चप्पल,
आणि मध्ये माझा उजवा खांदा,
जो कोराडीच्या टर्बाइन हॉलमध्ये
एकतीस वर्षं कधी दुखला नव्हता.
डावा कान मात्र तिथंच ठेवून आलो.
निरोपाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं,
कानाचं कुणी विचारलं नाही.

हिला सगळं ऐकू येतं.
वैरागड्यांच्या कुकरची शिट्टी व्हायच्या आधी
कुकरच्या मनात आलेलं ऐकू येतं.
पुलावरून मेट्रो गेली की पोट जमिनीला.
भंगारवाल्याच्या भोंग्यातली बाई
अजून दोन गल्ल्या पलीकडे असते,
आणि ही दिवाणाखाली,
फक्त शेपटीचं टोक बाहेर, थरथरत,
विसरून राहिल्यासारखं.
बाकीचा वेळ ती घरभर धावते.
आजवर गिळलं: एक मोजा, चष्म्याची डोरी,
पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा अर्धा भाग.
(उरलेला अर्धा घेऊन बँकेत गेलो.
समोर उभा असूनही पुरावा अपुरा पडला.)

दर रविवारी उईके सर येतात.
आधी पोलिसांच्या श्वानपथकात होते.
खिशात फुटाणे, एक तिला, एक स्वतःला.
पहिल्याच दिवशी बोलले,
"कुत्री नाही ओढत जी, तुम्ही ओढून राहिले.
समोरून गाडी आली का तुमची मूठ आवळते.
ते पट्ट्यातून तिले समजते.
ते म्हणते, हा बुढा भेला, म्हणजे काहीतरी हाये."

मूठ पाहिली. पांढरी पडली होती.
ब्याण्णव साली युनिट तीनची नळी फुटली,
वाफेच्या त्या बाजूला गजभिये होता,
या बाजूला मी.
हे मी सरांना सांगितलं नाही.
रत्नमालालाही अर्धंच सांगितलेलं आहे.
कुत्रीला कुणी सांगितलं?

"बस" तिला तीन दिवसांत आलं.
"थांब" अजून येत नाही.

एप्रिलात कूलर काढला, नवी खस भरली,
तर ही मोरीत जाऊन बसली ती बसलीच.
सर म्हणाले, घाई नाही करायची.
आधी नुसता पाहू द्या.
मग त्याच्यापाशी जेवू घाला.
मग पंप. मग पंखा, एकवर.
दहा दिवस आम्ही दोघं बंद कूलरसमोर जेवलो,
ती ताटलीत, मी ताटात.
पारा त्रेचाळीस.
रत्नमाला डोक्यावर ओला पंचा घेऊन,
"कूलर माणसासाठी असते का कुत्र्यासाठी?"

अकराव्या दिवशी पंप.
खसेवरून पाणी ठिबकलं,
तिचे कान मागे गेले, नाक पुढे आलं.
पंधराव्या दिवशी पंखा.
पळाली. दारापाशी थबकली.
फुटाणा आठवला असावा.
परत आली, पाठीची कमान करून,
शेपूट पोटाखाली दाबून,
पण आली.
रत्नमालाचा हात बटणावर होता.
तिनं दोनवर केला नाही.
घामाची धार पुसली, आणि नाही केला.

काल रात्री दीड वाजता लाइट गेली.
पातं फिरत फिरत थांबलं,
तशी सुतळी उठून बसली.
महिनाभर कूलरची सवय लावली,
आता त्याच्या नसण्याला भ्यायली.
मीही जागाच होतो.
सगळं बंद पडलं की माझ्या डाव्या कानात
टर्बाइन सुरू होतं, न चुकता.

गच्चीवर गेलो. फरशी अजून तापलेली.
सगळं मनीषनगर काळं,
लांब कुठंतरी एक जनरेटर, असावा,
ती त्या दिशेला पाहत होती म्हणून म्हणतो.
मग माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली,
मान तिरकी करून, कान टवकारून,
माझ्या कानाकडे पाहत.

"थांब," मी म्हणालो.
कुणाला, ते आता सांगता येणार नाही.
ती थांबली.
ते नाही थांबलं.

तीन वीसला ती उठली, जिन्याकडे गेली,
वळून माझी वाट पाहू लागली.
खाली उतरलो तेव्हा
कूलर सुरू झालेला होता.