साय

साकीनाक्याच्या गाळ्यात, लोखंडी जिन्याने वर,
मी खुबे कापतो.
म्हणजे खुब्यात ठोकायचे दांडे:
एक टोक निमुळतं, दुसऱ्या टोकाला मान.

टायटॅनियमला घाई खपत नाही.
पोलादासारखं दामटलं की टूल जळतं,
आणि चुरा पेटला तर पाण्याने अजून भडकतो.
नव्या पोरांना मी आधी वाळूची बादली दाखवतो,
मग मशीन.

सुलभा टेमकर वरच्या माळ्यावर
भिंगाखाली ओरखडे शोधते.
ती सांगते, हा धातू उघडा असा कधी राहतच नाही.
ताजा कापला, की पापणी लवायच्या आत
हवेची साय धरतो अंगावर.
दुधावर धरते तशीच, फक्त दिसत नाही.
खरवडली, तर पुन्हा धरते.
हाडाला भेटते ती साय,
धातूची गाठ पडतच नाही.
आणि हे अंग, जे बाभळीचा काटासुद्धा
पू करून बाहेर काढतं,
ते याला धरतं,
कंपाउंडच्या भिंतीला पिंपळ धरतो तसं.
कुठला, विचारत नाही.

मागच्या महिन्यात मुलुंडला जागा बघायला गेलो.
लिफ्ट बंद. सेक्रेटरी दाबके
चार मजले माझ्यापुढे चढले.
"चौऱ्याहत्तर पूर्ण. खुबा बदललाय,"
आणि थापटून दाखवला. "जर्मन आहे."
मी चाल बघत होतो.
डावा. बसवताना केसभर उंच पडलाय,
पाऊल टाकताना कंबर किंचित उचलते.
जर्मन असेलही.
आमचे दांडे कुणाच्या नावाच्या खोक्यात जातात
ते मला कुठे माहीत.

खिडकीतून लांब मिठागरं दिसत होती.
मोरीला नवी लादी.
मग त्यांनी वही उघडली, नाव विचारलं.
परकार, म्हणालो. इम्तियाज परकार.
पेन थांबलं.
"अरे, या जागेला कालच कुणीतरी टोकन दिलंय.
माझ्या लक्षातच नाही बघा."

उतरतानाही तेच पुढे,
कठड्याला हात न लावता,
एक पायरी चुकली नाही.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
काम चोख होतं, कुणाचंही असो.

घरी टेबलावर एक नापास दांडा आहे,
सुलभाने बाद केलेला. मानेवर ओरखडा,
मला तर चष्मा लावूनही सापडत नाही.
अफ्रीन फ्रिजवरचं चुंबक आणून लावून बघते.
चिकटत नाही.
"अब्बा, हा खरा आहे ना?"

त्याच्याखाली जागांच्या जाहिरातींची कात्रणं.
पंखा लावला की फडफडतात,
जात नाहीत कुठे.