शेवटच्या दहा मिनिटांची यादी

नावं विचारू नकोस.
नाव सुरुवातीला येतं, मी शेवटी येते.
झाडू, बादली, बॅटरी घेऊन
मागच्या दाराशी उभी राहते
दिवे लागेपर्यंत.
त्या हिशेबाने वर्षभरात त्रेसष्ट सिनेमे पाहिले,
प्रत्येकी दहा मिनिटं.

तरी तू म्हणतोस, नेल्बा, तूही यादी कर.
तुझं बरंय, वॉशिंग्टन. तू वर प्रोजेक्टरपाशी बसतोस,
दर डिसेंबरला दहा चांगले, दहा भिकार
असा कागद तिकीटखिडकीला चिकटवतोस,
आणि काखेत थर्मास धरून आलेली माणसं
त्यावरून भांडतात, फुटबॉलवरून भांडावं तशी.

आज एकतीस.
जुन्या शहरात कचेऱ्यांच्या खिडक्यांतून
सरत्या वर्षाची पानं खाली उडवतायत, दरवर्षीसारखी.
त्यातलंच एक उचललं, त्याच्या पाठीवर लिहितेय.
कुणाचा तरी जुलै आहे.
नऊ तारखेला लिहिलंय, दंतवैद्य.

तर घे.

पहिला, घोड्याचा.
एक म्हातारा, एक घोडा, मधे नदी.
म्हातारा हाक मारत नाही, घोडा वळत नाही.
घोडा कुणाचा, नदी कुठून आडवी आली,
मला अजून ठाऊक नाही.
पण दिवे लागले तरी माणसं उठेनात
आणि मी बादली खाली ठेवली
झोपलेलं मूल ठेवावं तशी.

दुसऱ्यावर माझं माझ्याशीच एकमत नाही.
कधी वाटतं तो जुळ्या बहिणींचा,
एकीने दुसरीचा कोट घातला आणि बस पकडली.
कधी वाटतं तो जपानी,
चुलीवर नुसता भात, स्वयंपाकघरात कुणी नाही.
पुढच्या खेळाला मी पाच मिनिटं आधी जाऊन उभी राहिले.
तेव्हाही कुणी नव्हतं.

आता भिकार.
तो युद्धाचा, तीन तासांचा. नाव मोठं, लक्षण खोटं.
सगळे मरतात आणि बासरी वाजते.
खुर्च्यांखालून दोन पोती पॉपकॉर्न निघालं,
एवढाच त्याचा हिशेब.
तो लग्नाचा, त्यात शेवटी चुंबन घेतात.
दहाही मिनिटं.

आणि एक, जो मी पूर्ण पाहिला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सेर्रोच्या चढावर
ट्रक, दिवे, छत्र्या आल्या होत्या, आठवतं?
मला पावाची पिशवी देऊन
चार वेळा रस्ता ओलांडायला लावला.
चौथ्यांदा म्हणाले, छान.
जुलैत तो लागला.
रजा टाकली, तिकीट काढलं, निळा स्वेटर घातला,
लिबेरलाही ओढत नेलं. सातवी रांग.
आयुष्यात पहिल्यांदा नाव वाचलं पडद्यावर.

आमचीच गल्ली होती, आमचाच चढ,
वर पाटी मात्र परक्या देशातल्या शहराची.
आमच्या बेकरीला त्यांनी बँक केलं होतं.
मी? नाहीच.
लिबेर तासाभराने हळूच म्हणाला,
आई, तुला बहुतेक कापलं.

शेवटची दहा मिनिटं आली तसे पाय आपोआप उठले.
जाऊन उभी राहिले मागच्या दाराशी.
आणि तिथून दिसलं:
नायक बँकेतून पळतो, चढावर धडकतो,
कडेला एक कोपर. एक पिशवी. पाव.
गेलं.

लिबेर म्हणतो, कुणाचंही असेल.
आपलं कोपर माणसाला कुठे दिसतं, वॉशिंग्टन?
मी आरशात वळून वळून पाहिलं.
तो सिनेमा आठ दिवस चालला.
आठही रात्री मी त्या वेळेला बॅटरी विझवून ठेवली.

वाईटच आहे. भिकारांत पहिला, हे नक्की.
पण नंबर घालू नकोस त्याला.
कागद चिकटवताना खाली जिथे डिंक लागतो ना,
तिथे कोपऱ्यात लिही, कोपर.
झाकलं गेलं तर जाऊ दे.

आणि दुसऱ्या नंबरावर भातच ठेव.
शिजला असेल एव्हाना.