वाटी

पवनीच्या दवाखान्यात, एक्सरेच्या खोलीत
पाटी लावलीय: हलू नका.
पंचफुला मेश्राम, वय बावन्न,
हलत नाही. बोलते.

"पडली नाही जी मी. बसली."
ओल्या पायानं, भांडी घासून आत येताना,
नव्या टाईल्सवर.
टाईल्स तिनंच निवडल्या, भंडाऱ्याला जाऊन.
दुकानदार म्हणाला, बाई, खरबरीत घ्या.
ही म्हणाली, नाही, तोंड दिसलं पाहिजे.

फिल्मवर गुडघ्याची वाटी,
विळीवर धरलेल्या खोबऱ्यासारखी
दोन.

डॉक्टरांनी कागद दिलाय, रकाने भरायचे.
मी विचारतो, ती भिंतीकडे बघत सांगते.
पाळी?
"चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली. तिघी होतो,
एकाच कमांडरमधून घरी आलो."
गोळ्या?
"सांध्याची. पांढरी, बारकी. बाजाराच्या दिवशी
बसते तो डॉक्टर देते.
खाल्ली का रोवणीत कंबर समजत नाही."
कधीपासून?
"नातू रांगत होता तवापासून. आता सायकल चालवते तो."
गुडाखू?
ती हसते, दातांवरून बोट फिरवते.
मी खिशातली खर्ऱ्याची पुडी
अजून आत ढकलतो.
डोळे?
"उजव्यात मोती हाय. संक्रांत झाली का काढू म्हणलं."
आधी कधी हाड मोडलं?
"मनगट. पण ते आपल्या मनानंच बसलं."

पेन चालत राहतं.
चौतीस ते बावन्न, अठरा वर्षं,
मी समासात वजाबाकी करतो, कुणी सांगितलेली नसताना.
मोहावरून उडी टाकली तेव्हा वाटी शाबूत.
तळ्याच्या पाळीवरून धानाचा भारा घेऊन घसरली,
भारा फुटला, वाटी शाबूत.
दिराच्या लग्नात रात्रभर नाचली, तेव्हाही.
आणि परवा, स्वयंपाकघराच्या दारात,
स्वतःच्याच तोंडावर गुडघा टेकला
आणि कडकन आवाज आला म्हणते,
वाळलेली तुराटी मोडावी तसा.

शेवटचा रकाना: पडण्याचं कारण.
जागा बोटभर आहे.
मी लिहितो, ओली फरशी.

स्ट्रेचर दाराशी येतं तेव्हा विचारते,
"टाईल्स काढा म्हणन का डॉक्टर?"
नाही, मी म्हणतो, पायपोस टाका दाराशी.
ती थोडा वेळ गप्प.
मग पायाकडे न बघता,
"पायपोस टाकलं तं
तोंड कसं दिसन जी?"