इतिवृत्तात न आलेलं

ग्रामसभा सुरू झाली तेव्हा अकरा चाळीस झाले होते,
रजिस्टरात मी अकरा लिहिलं.
शाळेच्या खोलीत एकेचाळीस डोकी, त्यातली सतरा बायकांची,
आणि एक कोकरू,
मायाक्का कोळेकरणीच्या मांडीवरनं उतरायला तयार नसलेलं.

विषय क्रमांक चार : माळावरील सौर प्रकल्पास
ना हरकत देणेबाबत.

कंपनीचा माणूस चांगला होता, खरंच.
पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायला, पण चहा आमचाच घेतला.
म्हणाला, जमीन तशी पडीकच आहे ना?
मागच्या बाकावर सिदू घागरे हसले.
त्या हसण्याला रजिस्टरात रकाना नाही.

पडीक.
हाच शब्द घेऊन वीस-बावीस वर्षांपूर्वी
एक पांढरी जीप माळावर चढली होती.
मुरूम, कुसळं, तरवड, आणि उभं राहू न देणारा वारा.
सिदूच्या बापाला वाटलं, एजंट येडा आहे,
दगडांचे पैसे मोजतोय.
अंगठा उठवताना कागद उडू नये म्हणून
त्यानंच त्यावर धोंडा ठेवला.
कागदात गट नंबर होता, चतुःसीमा होत्या.
कागद उडवणारा तेवढा कुठंच नव्हता.

मग लांबच्या लांब ट्रेलर आले, एकेक पातं घेऊन.
रस्ता झाला. हे कबूल करायला हवं, रस्ता झाला,
मायाक्काची सून त्याच रस्त्यानं वेळेत मिरजेला पोचली.
आणि सिदूला नोकरी लागली :
बापानं विकलेल्या जमिनीवर
रात्रभर बॅटरी मारत फिरायची.
एकदा त्यानं इंजिनियरला विचारलं,
साहेब, पात्याचा एक फेरा म्हंजे किती रुपये?
तो म्हणाला, काका, तसं नसतं.

आज इंदुताई लवटे सरपंचाच्या खुर्चीत होत्या.
त्यांनी युनिटमागं गावाचा वाटा किती, विचारलं.
कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, तसं नसतं.
मग कसं असतं, ते लिहून द्या, ताई म्हणाल्या.
पंखा बंद असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं.

जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची.
दर तीन वर्षांनी भाडं वाढवायचं.
काचा पुसायचं काम बचत गटाला.
तेवढ्यात मायाक्का कोकरासकट उठली,
कमरेशी आडवा हात धरून म्हणाली,
पत्रं एवढं उंच बसवा, खालनं मेंढरं गेली पायजेत.
लोखंड जास्त लागेल, आजी.
लागू दे की.
गवत कापायला माणसं लावणार तुमी, आमची मेंढरं कापत्याल.
फुकट? त्यानं हसून विचारलं.
फुकट वारा दिला एकदा, मायाक्का म्हणाली, आन् बसली.

तायाप्पा मात्र ऐकेना.
वर्षातनं एकदा भाडं, आन् माझा हप्ता महिन्याला,
मला एकरकमी द्या, मी माझं सात एकर विकतो.
त्याच्या गाडीच्या काचेवर अजून नव्याचं प्लास्टिक आहे.
कोणी त्याला वेडा म्हणालं नाही.
त्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलंही नाही.

मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.
अटींचा मसुदा येईपर्यंत विषय तहकूब.

लोक पांगले. सतरंजीवर लेंड्या राहिल्या.
सिदू टेबलापाशी आले, म्हणाले,
त्यात उन्हाचं लिवलंस का?
म्हटलं, काका, मसुदा अजून यायचाय.
आला की बघ. जमिनीचं नको सांगू मला,
ऊन हा शबुद कुठल्या वळीत हाय ते दाव.

खिडकीतनं वारा शिरला, पान फडफडलं.
त्यांनी त्यावर तळहात ठेवला
आणि माझं घाईचं अक्षर
बोट फिरवत, अडत अडत वाचू लागले.
शेवटची एसटी दीडला होती.
मी कुलूप हातात धरून उभी राहिले.