दोन दोरे जास्त

उद्यमबागेच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडात
तीन लेथ, एक ड्रिल, आणि गंज चढलेला एक शेपर.
तो कंपनीनं आम्हाला दान दिला,
कारण भंगारवाला भाव देईना.

मी देसूरकर. टर्नर.
एकतीस वर्षं एकाच चकापुढं उभा राहिलो,
आता पोरांपुढं राहतो.

मल्लेशी आला तेव्हा फॉर्मवर तीन रकाने रिकामे.
आडनावाच्या जागी बाईंनी रेघ मारली.
जन्मतारीख एक जून, सगळ्यांचीच टाकतात तशी.
मातृभाषा विचारली तर पोर म्हणालं,
"शिव्या मराठीत येतात. भूक लागली की कन्नड."
बाईंचं पेन थांबलं.
आमच्या गावात या रकान्यावरून बसगाड्या बंद पडल्यात.

स्टेशनच्या जिन्याखाली झोपायचा
चपला उशाला घेऊन.
पायात ठेवल्या तर सकाळी नसतात.

पहिल्या दिवशी त्यानं मशीनला हात लावला नाही.
रॅकवरचे तुकडे एकेक करून फरशीवर टाकले
आणि कान दिला.
"हे बीड. हे पोलाद. हे पितळ, पण भेसळ आहे."
मी तपासलं. भेसळ होती.
काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमला फसत
सात वर्षं रुळाकडेनं तो जे शिकला
ते माझ्या वहीत नाही.

मी त्याला सूत शिकवलं, सुताच्या पोटातला दोरा,
मग व्हर्नियर, मग मायक्रोमीटर.
"हळू आवळ, कुणाचा कान पिळल्यासारखा नको."
बाकीची पोरं हसली.
तो आपला कान चाचपत राहिला.

गौरीच्या आधल्या आठवड्यात
पंपाच्या बुशाचं भोक दोन दोरे जास्त गेलं.
मी व्हर्नियर लावला, मान वर केली,
तर लेथ तसाच चालू,
समोर कुणी नाही.

संध्याकाळी स्टेशनवर गेलो, खिशात ते बुश.
तो फलाटाच्या टोकाला, रुमाल नाकाशी.
शेजारी बसलो. मिरजेकडची गाडी निघून गेली.
"काय करूलालास?"
"मारणार?"
बुश त्याच्या तळहातावर ठेवलं.
"कमी कापलं असतंस तर अजून कापता आलं असतं.
आता याचं काय?"
त्यानं ते फलाटावर टाकलं, ऐकलं.
"गनमेटल. दीडशे ग्रॅम. साठ रुपये.
काटेवाला पन्नास देणार."
"आणि माप बरोबर आलं असतं तर?"
हे त्याला ठाऊक नव्हतं.
"चारशे."
रुमाल त्यानं टाकला नाही.
बुश मात्र खिशात घातलं.
सोमवारी शेडाचं कुलूप काढायला गेलो तर पायरीवर बसलेला.

पाहुणे येतात. भाषणात म्हणतात, आयुष्याला आकार दिला.
मी त्यांना लेथखालचा बरीचा ढीग दाखवतो,
हात लावू नका म्हणतो, कापतं.
दस्तगीर गेला तो माझा व्हर्नियर घेऊन गेला.
पेटीतल्या निळ्या मखमलीत त्याचा खळगा तसाच आहे.
भाषणात त्याचं नाव येत नाही.

पहिल्या पगारात मल्लेशीनं खडेबाजारातून कुलूप आणलं.
ट्रंक नव्हती, दार नव्हतं, नुसतं कुलूप.
चार महिने किल्ली गळ्यात घालून हिंडला.
मग मजगावात खोली मिळाली, बावीसशे भाडं,
मालकीणबाई कन्नड, ओरडते मराठीत.

परवा पहिल्या पाळीला दिसला नाही म्हणून बघायला गेलो.
दार नुसतं लोटलेलं. आत घोरत होता,
उशाला स्वतःचाच हात.
कामाचे बूट बाहेर, उंबऱ्याशी,
एक उभा, एक कलंडलेला.

हाक मारणार होतो.
पाच-दहा मिनिटं तिथंच थांबलो,
बुटांवर लक्ष ठेवून.