मापाचं लोखंड

विकायचा आहे एक हूक.
जमिनीला पोट लावून धावणाऱ्या
दोन दरवाजांच्या गाडीमागे
ट्रेलर ओढायचा हूक.
कंपनी असला हूक करत नाही.
कंपनीला वाटतं, असली गाडी घेणारा माणूस
मागचं सगळं मागेच टाकून आलेला असतो.

मी नव्हतो.
माझ्यामागे शरयू होती, आणि शरयूमागे
अकरा फुटांचा सागवानी मल्लखांब.
"दोनच सीटा?" शोरूमच्या दारात ती म्हणाली,
"मग खांब काय मांडीवर घेऊ?"
सगळी ग्रॅच्युइटी त्या लाल रंगात गेली होती.
दांडिया बाजारातले लोक महिनाभर
अभिनंदनाच्या सुरात चौकशी करत होते.

मकरपुऱ्यात, जीआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
रमणीकभाई पंचाल गाडीखाली पाठीवर सरकले,
आणि बाहेर येऊन म्हणाले,
"आ तो हरणने हळे जोडवानी वात छे."
पुठ्ठ्याचे तीन साचे कापले, तिन्ही फेकले.
मी म्हटलं, एकोणीस-वीस चालेल.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी चहा सांगायला निघून गेलो.
मापात पाप नको, एवढंच ऐकू आलं मागून.
चौथ्या साच्यावर खडूच्या दोन रेघा.

दहा एमेमची प्लेट, पन्नास एमेमचा गोळा.
वजन चौदा किलो, आमच्या बाथरूममधल्या काट्यावर:
आधी मी एकटा,
मग हूक कडेवर घेऊन,
आणि वजाबाकी.

दोषही सांगतो.
डावीकडचं वेल्डिंग ढेकळासारखं आहे,
त्या दिवशी वीज दोनदा गेली होती.
एक बोल्ट मूळचा नाही.
गोळ्यावरचा काळा रंग उडालाय
आणि हाताला एरंडेलाचा वास लागतो.
रॉकेलने पुसून पाहिला. जात नाही.

नऊ वर्षं, दर शनिवारी: करजण, शिनोर, डभोई.
शाळावाले आधी खड्डा खणून ठेवायचे.
काळा घोडा सर्कलवर हवालदाराने थांबवलं,
खांबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं,
आणि विचारलं, "कोण कोणाला ढकलतंय?"
चलन फाडलं नाही.
त्याच्या मुलीला वर्गात घालायचं होतं.

गाडी दोनशे वीसची होती म्हणे.
माझ्या हाताखाली पन्नासच्या वर गेली नाही.
दर स्पीडब्रेकरला शरयू "आई गं" म्हणायची,
खांबाच्या वतीने.

मार्चमध्ये गाडी सुरतेला गेली.
घेणाऱ्याने आधी हूक काढायला लावला,
रेसच्या घोड्याला नांगर कसला, म्हणाला.
खांब डभोईच्या शाळेत आहे, तीन फूट सिमेंटात.
शरयूचा उजवा खांदा वर जात नाही आता;
ती एसटीने जाते, खुर्चीवर बसून शिट्टी वाजवते.
मला नेत नाही. मी मध्ये बोलतो.

आठ फोन आले. आठ वेगळ्या गाड्या.
"बीजी गाडीमां चाले?"
नाही चालत.
फतेगंजचा भंगारवाला म्हणाला, किलोला पस्तीस.
चारशे नव्वद होतात. मी गुणाकार करून पाहिला,
नंतर त्याचा फोन उचलला नाही.

मग नवसारीहून कैझाद आला. तीच गाडी, पिवळी.
त्याला मधाच्या पेट्या ओढायच्या आहेत,
चिकूच्या वाड्यांतून बडीशेपेच्या फुलोऱ्याकडे,
रात्री, माश्या आत परतल्यावर, हळूहळू.
"छेल्लो भाव बोलो ने, अंकल."
मी म्हटलं, आधी लावून बघ.
चारही बोल्ट शिरले. हातोडी लागली नाही.

त्याने बोटं हुंगली.
"हा वास माश्यांना चालेल?"
मला माहीत नव्हतं.
त्या वासापोटी तीनशे कमी केले.

तो गेल्यावर आठवलं, पुठ्ठ्याचा साचा
द्यायचा राहिला.
कपाटामागे उभा आहे, रेघा अजून दिसतात.
नवसारीचा पत्ता आहे माझ्याकडे.
पाठवीन म्हणतो.